तयार एनकॉस्टिक संच : मेणात काम करणाऱ्या कलावंतांच्या कसोटीवर

मेणात रंग कालवून चित्र करण्याची इच्छा मला बरीच वर्षे होती. आड येत होता तो त्यामागचा व्याप. मधमाशीचे मेण मिळवायचे, ते गाळून स्वच्छ करायचे, त्यात राळ तोलून विरघळवायची, रंगद्रव्य घोटायचे आणि हे सारे करपू न देता तासन्‌तास पातळ ठेवायचे, हे डोळ्यांसमोर आले की हात आपोआप तैलरंगाच्या नळीकडे वळत असे. त्यामुळे हा सगळा सरंजाम एकाच खोक्यात तयार मिळतो हे कळल्यावर मी तो मागवला आणि गेले आठ महिने त्यावर काम केले. खोक्यात तयार माध्यमाच्या दीड किलो वड्या, आठ रंगांच्या लहान वड्या, सहा पत्र्याचे डबे, एक हॉट प्लेट, गरम हवेचा झोत सोडणारी एक हीट गन, तीन ब्रश, चार लाकडी फलक आणि चोवीस पानांची पुस्तिका एवढे सामान निघाले.

रंग उजळ आहेत का, खोका मजबूत आहे का, एवढ्यावर असल्या वस्तूचा निकाल लावण्यात अर्थ नाही. मेण हे मुळातच गैरसोयीचे माध्यम आहे. ते गरम ठेवावे लागते, रंगवल्यावर भाजावे लागते आणि चित्र पूर्ण झाल्यावरही उन्हापासून जपावे लागते. तरीही गेल्या सत्तर वर्षांत काही चित्रकार आणि शिल्पकार मुद्दाम त्याच्याकडे वळले, त्या अर्थी दुसऱ्या कशातून न मिळणारे काहीतरी त्यांना त्यात मिळत होते. ते नेमके काय, आणि ते या खोक्यातून निघते का, एवढाच प्रश्न मी धरून ठेवला आणि एकेका कलावंताची रीत समोर ठेवून काम करून पाहिले.

आधी माध्यमाविषयी. एनकॉस्टिक हा शब्द ग्रीकमधून आला असून त्याचा अर्थ ‘भाजून आत मुरवलेले’ असा होतो, आणि या पद्धतीची खरी ओळखही तीच आहे: रंगवलेला प्रत्येक थर उष्णता देऊन खालच्या थराशी एकजीव करावा लागतो. रीत फार जुनी आहे. इजिप्तमधील फायूम परिसरात ममींवर बसवलेली, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली जी व्यक्तिचित्रे सापडली, त्यांतली बरीच मेणात केलेली आहेत आणि त्यांच्या गालांवरची लाली आजही ओली वाटते. आजच्या माध्यमात सहसा दोनच घटक असतात, मधमाशीचे मेण आणि दामार राळ. ही राळ आग्नेय आशियातल्या झाडांपासून मिळते. नावावरून डांबर आठवले तरी त्याचा येथे काही संबंध नाही. नुसते मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि थिजल्यावरही इतके मऊ राहते की नखाने ओरखडा निघतो. राळ घातली की ते कठीण होते, त्याचा वितळबिंदू थोडा वर सरकतो आणि कापडाने घासल्यावर त्याला चमक येते. वजनाने आठ भाग मेणाला एक भाग राळ हे रुळलेले प्रमाण आहे. काही जण राळ याहून बरीच वाढवतात, पण ती वाढेल तसा थर ठिसूळ होत जातो.

संचातले माध्यम या बाबतीत खरोखर उत्तम आहे, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. वडी फोडली की ती आतूनही बाहेरच्यासारखीच एकसारखी हस्तिदंती दिसते. कोठे न विरघळलेला राळेचा खडा नाही, सालीचा कण नाही. कच्ची दामार राळ घरी विरघळवून पाहिलेल्याला यातले श्रम कळतील, कारण तिच्यात झाडाच्या सालीचे तुकडे आणि किडे हटकून असतात आणि ते गाळताना निम्मे मेण फडक्यालाच चिकटून बसते. मेण रसायनाने पांढरे केलेले नसून गाळून फिकट केलेले आहे, असे वेष्टनावर छापले आहे. ते खरे असावे, कारण आठ महिन्यांत माझा पांढरा पिवळा पडलेला नाही. हा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. रसायनाने विरंजन केलेले मेण कालांतराने पुन्हा पिवळसर होऊ शकते, आणि पिवळ्या मेणात निळा कालवला तर तो हिरवटपणाकडे झुकतो. मग चित्रातले आकाश कितीही घोटलेल्या निळ्याने रंगवले तरी व्यर्थ.

पहिली कसोटी अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांची. १९५४ साली त्यांनी ‘फ्लॅग’ हे चित्र घरगुती एनॅमल रंगात सुरू केले होते. पहिला फटकारा सुकण्याआधी दुसरा दिला की पहिला बिघडत असे आणि तो रंग काही लवकर सुकत नव्हता, म्हणून ते मेणाकडे वळले. मेण ब्रशवरून उतरते न उतरते तोच थिजते. त्यामुळे पुढचा फटकारा मागच्याला लागूनही त्याला ढवळत नाही, आणि प्रत्येक फटकारा जसा पडला तसा, सुटा आणि उठावदार, कायम राहतो. कापड चिकटवलेल्या प्लायवूडचे तीन भाग जोडून केलेल्या त्या चित्राचा आकार १०७.३ बाय १५३.८ सेंटिमीटर आहे, आणि त्यातल्या ४८ ताऱ्यांच्या व तेरा पट्ट्यांच्या खाली वर्तमानपत्राचे तुकडे मेणात बुडवून चिकटवलेले आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेले हे चित्र छापील प्रतिमेत सपाट दिसते, पण नीट छायाचित्रण केलेल्या तुकड्यात पाहिले तर त्याचा पृष्ठभाग जखमेवरच्या खपलीसारखा आहे.

हे करून पाहण्यासाठी मी वर्तमानपत्राच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. कात्रीने कापलेल्या पट्टीची कड मेणाखाली रेघेसारखी उमटते, फाडलेल्या पट्टीची कड मात्र विरून जाते. पट्टी चिमट्यात धरून माध्यमाच्या डब्यात बुडवली, वर काढून दोन थेंब गळू दिले आणि फलकावर टेकवली. टेकवल्यापासून दाबून बसवायला दोन-तीन श्वासांचा वेळ मिळतो. तेवढ्यात कागद आधी दुधी दिसतो, मग तेल लागल्यासारखा पारदर्शक होतो, आणि पाहता पाहता मागच्या बाजूची उलटी अक्षरे पुढच्या अक्षरांमधून वर येतात. दोन्ही बाजूंचा मजकूर एकमेकांवर चढतो. नजर वाचायला जाते आणि अडते. जॉन्स यांच्या त्या चित्रापुढे ‘काहीतरी लिहिले आहे, पण हाती लागत नाही’ असे जे वाटते, त्याचे निदान एक कारण मला या साध्या पट्टीत सापडले, आणि त्यासाठी मी या संचाचा ऋणी आहे. माध्यम पुरेसे पारदर्शक नसते तर हे झाले नसते. पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचे मेण, मिसळलेल्या स्वस्त मेणात मी हाच प्रयोग पूर्वी केला होता. तेव्हा कागद राखी झाला होता आणि वाळल्यावर कडेने तडकला होता.

वरचा रंग देतानाही माध्यमाने निराश केले नाही. भरलेला ब्रश डब्यातून फलकापर्यंत नेताना हाताला घाई शिकावी लागते, कारण फटकारा चार-पाच बोटे पुढे जातो आणि मग ब्रश अडखळतो; जेथे अडखळतो तेथे रंगाची एक छोटी वळी उभी राहते. पहिले दोन दिवस या वळीचा राग येत होता. नंतर लक्षात आले की चित्र त्याच वळ्यांनी बनणार आहे आणि तैलरंगातली लांबलचक सफाईदार ओढ येथे मागणे हीच चूक आहे.

खरी अडचण सुरू होते ती भाजण्यापाशी. थर एकजीव होण्यासाठी उष्णता हवी, पण ती इतकीच हवी की पृष्ठभाग ओलसर चमकून जागच्या जागी थिजावा. त्याहून जास्त झाली तर वळ्या बसतात, फटकारे एकमेकांत वाहतात आणि सगळ्याची एकच गुळगुळीत गादी होते. संचातल्या हीट गनचा झोत सर्वांत खालच्या टप्प्यावरही इतका जोराचा आहे की वितळलेले मेण वाऱ्याने तळ्यावर उठाव्यात तशा लाटांनी पुढे ढकलले जाते. माझी एक अख्खी रांग अशी वाहून गेली आणि खालची अक्षरे रंगाच्या थारोळ्यात बुडाली. या कामाला उष्णता हवी असते, वारा नको असतो. एवढी साधी गोष्ट संच जुळवणाऱ्याच्या ध्यानात आली नसेल, यावर विश्वास बसत नाही. शेवटी मी गन हातभर अंतरावर धरून, सतत फिरती ठेवून काम भागवले, पण त्यात वेळ तिप्पट लागतो.

हॉट प्लेट मात्र गैरसोयीपलीकडची, धोक्याकडे झुकणारी बाब आहे. एनकॉस्टिकसाठी डब्यातले मेण साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसदरम्यान ठेवायचे असते. त्याखाली ते ब्रशवरच थिजते. त्यापुढे फार गेले तर धुरावते आणि अॅक्रोलीनसारखे डोळ्यांना व घशाला झोंबणारे वायू सोडू लागते. असे असताना संचातल्या प्लेटच्या बटणावर अंशांचे आकडे नाहीत. ‘कमी, मध्यम, जास्त’ एवढेच आहे. माझ्याजवळ वेगळा तापमापक होता म्हणून कळले की ‘मध्यम’वर प्लेट मध्यभागी ७८ अंशांपासून ११८ अंशांपर्यंत झोके घेते आणि त्याच वेळी कडेला ठेवलेल्या डब्यातले मेण साय धरू लागते. पांढरा मधल्या डब्यात ठेवला तर करपून पिवळसर होतो, कडेला ठेवला तर घट्ट होतो. यावर उपाय म्हणून मी प्लेटवर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला आणि तापमापक कायमचा डब्यात अडकवला. त्यानंतर उष्णता बरीच समान झाली. कंपनीला लिहिले तेव्हा उत्तर आले की तापमापक हे ‘पुढच्या टप्प्यावरील कलाकारांसाठी’ वेगळे साधन म्हणून उपलब्ध आहे. मला वाटते, तापमापकाची गरज पुढच्या टप्प्यावरच्या कलाकाराला कमी आणि नवख्याला अधिक असते, कारण मुरलेल्या हाताला मेणाच्या हालचालीवरूनच अंदाज येतो. खिडकी उघडी ठेवून, शक्य तर हवा बाहेर फेकणारा पंखा लावूनच काम करावे, हे पुस्तिकेत विसाव्या पानावर आहे. ते पहिल्या पानावर हवे होते.

पुस्तिकेनेच मला या संचातला सर्वांत मोठा फटका दिला. सहाव्या पानावर लिहिले आहे की हे माध्यम ‘अस्तर दिलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर’ बसते. चारही फलक संपल्यावर मी त्यावर विसंबून, ॲक्रिलिक जेसो, म्हणजे रंगाखाली देण्याचे तयार पांढरे अस्तर, दिलेला एक जुना कॅनव्हास-बोर्ड घेतला आणि त्यावर नऊ थर चढवले. तीन आठवड्यांनी त्याचा कोपरा टेबलाला लागला, एक चीर गेली, आणि मी ती पाहायला बोट लावले तर चित्राचा तळहाताएवढा तुकडा पपईची साल निघावी तसा अलगद सुटून हातात आला. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत, जेसोचा कण नाही. कारण उघड आहे. मेण धरते ते छिद्रांत शिरून, आणि ॲक्रिलिक अस्तर म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्यात शिरायला जागाच नसते. मेणाला शोषून घेणारा पृष्ठभाग हवा: उघडे लाकूड, कागद, किंवा खडू आणि सरस यांचे जुन्या पद्धतीचे अस्तर. शिवाय पाठ ताठ हवी, कारण ताणलेल्या सुट्या कॅनव्हासवर थर वाकताना तडकतो. संचाबरोबर आलेले फलक उघड्या लाकडाचे, चांगले घासलेले आणि अजिबात न वाकलेले होते. म्हणजे फलक निवडणाऱ्याला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. पुस्तिका लिहिणाऱ्याला ती कोणी सांगितली नसावी.

अमेरिकन चित्रकार ब्राइस मार्डन यांच्याकडे वळल्यावर संचाची खरी मर्यादा दिसली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी केलेल्या एकरंगी चित्रांना मेण हवे होते ते जॉन्स यांच्या नेमक्या उलट कारणासाठी. त्यांना सुटा फटकारा नको होता, आणि तैलरंगाची चकाकीही नको होती, कारण चकाकणाऱ्या पृष्ठभागावर खिडकी दिसते, दिवा दिसतो, रंग दिसत नाही. म्हणून ते वितळलेले मेण आणि टर्पेंटाइन तैलरंगात मिसळत, ब्रशने लावत आणि मग स्पॅट्युलाने ओढून-दाबून त्याची घट्ट, मंद, त्वचेसारखी कांती तयार करत. सुरुवातीच्या चित्रांत खालच्या कडेला एक अरुंद पट्टी मोकळी सोडलेली असते आणि तिच्यावर वरच्या थरांचे ओघळ उतरलेले दिसतात. एवढ्या शांत चित्रामागे किती हातघाई झाली आहे, ते तेवढ्या पट्टीत कळते. या चित्रांना उष्णता देऊन भाजलेले नाही, त्यामुळे काटेकोरपणे बोलायचे तर ती एनकॉस्टिक नव्हेत. पण आजच्या चित्रकलेत मेण काय करू शकते हे सांगताना ती वगळता येत नाहीत.

मी संचातले माध्यम वितळवून, हॉट प्लेटपासून दूर नेऊन, राखी तैलरंगात मिसळले आणि सुरीने ओढले. व्हायचे तेच झाले. राळेमुळे थर चमकू लागला, आणि जी खिडकी मार्डन यांनी घालवली होती ती माझ्या फलकावर ठळक दिसू लागली. शिवाय मिश्रण इतक्या लवकर ताठ झाले की सुरीखाली ते पसरण्याऐवजी तुटत होते. नंतर दुसरीकडून साधे, राळविरहित मेण आणले, ते वितळवून आचेवरून उतरवले, दुसऱ्या खोलीत नेऊन त्यात टर्पेंटाइन घातले आणि थंड झाल्यावर साजूक तुपासारखा झालेला तो लगदा रंगात मिसळला; तेव्हा कोठे ती मंद कांती आली. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे: टर्पेंटाइन हॉट प्लेटवर कधीही ठेवू नये आणि चालू प्लेटच्या आसपास उघडेही ठेवू नये, कारण त्याची वाफ फार लवकर पेट घेते. पुस्तिकेत याविषयी अवाक्षर नाही. ‘तैलरंगाबरोबरही वापरता येते’ असे वेष्टनावर छापायचे आणि पातळ करण्याच्या द्रावकाविषयी मौन पाळायचे, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. संचात साध्या मेणाची एखादी वडी वेगळी दिली असती तर राळेने काय बदलते हे वापरणाऱ्याला स्वतः पाहता आले असते. आता तो निर्णय कारखान्यात होऊन येतो, आणि आठाला एक या प्रमाणापलीकडे मेणाचे काही आयुष्य आहे हे खोका उघडणाऱ्याला कळतच नाही.

अमेरिकन शिल्पकार लिंडा बेंगलिस यांच्या रीतीत मात्र हाच संच पुन्हा खुलला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जमिनीवर लॅटेक्स ओतण्याच्या कामांसाठी त्या ओळखल्या जाण्याआधी, त्यांनी अरुंद, लांबट, टोकांना गोलाई असलेल्या मेसोनाइटच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या कठीण फळीच्या) पट्ट्यांवर मेणचित्रे केली. पट्टीची रुंदी ब्रशच्या रुंदीएवढी, म्हणजे जे काही घडायचे ते एकाच फटकाऱ्याच्या मापात. मध्यापासून वर आणि मध्यापासून खाली, रंगीत मेणाचा थर थरावर देत गेले की पृष्ठभाग आपोआप उंच-सखल होतो, आणि चित्र रंगवलेले न वाटता उगवलेले वाटते. चौथा फलक मी लांबीत चिरून घेतला आणि त्याच्या एका पट्टीवर सत्तावीस थर दिले. दहाव्या थरापर्यंत काहीच विशेष दिसत नव्हते. त्यापुढे ब्रशच्या केसांमुळे पडलेल्या बारीक चरांच्या कडा वाढू लागल्या, कारण उंच भागाला ब्रश आधी लागतो आणि जास्त मेण तेथेच बसते. विसाव्या थरानंतर पट्टीवर प्रवाळासारखी शिखरे उभी होती आणि त्यांच्या खाचांतून आधीचे गुलाबी, पिवळे, हिरवट थर डोकावत होते. येथे राळेचा कठीणपणा कामी आला. साध्या मेणात ही शिखरे पुढच्या गरम फटकाऱ्याखाली खचली असती. संचाचे मला सर्वांत आवडलेले काम हेच.

ओतकामासाठी हा संच नाही, आणि तसा दावाही कंपनीने केलेला नाही. तरी अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट गोबर यांचा १९८९-९० मधला मेणाचा पाय, ज्यात मधमाशीच्या मेणात खरे मानवी केस बसवलेले आहेत आणि वर कापडाची पँट व चामड्याचा बूट आहे, तो आठवून मी माझ्या अंगठ्याचा साचा घेतला आणि उरलेले माध्यम त्यात ओतले. नखाची कड, सांध्यावरच्या वळ्या, एक जुना व्रण, सारे उतरले. प्रकाश पृष्ठभागावर न थांबता थोडा आत शिरून परततो, हाच मेणाचा आणि त्वचेचा समान गुण; अंगठा क्षणभर खरा वाटला आणि घरातल्यांनी तो दृष्टीआड ठेवण्याची विनंती केली. मात्र एक केस रोवायला तापवलेली सुई टेकवली तशी उभी चीर गेली. बेल्जियन शिल्पकार बर्लिंडे डी ब्राउकेरे साच्याच्या आतून वेगवेगळ्या छटांचे मेण थरांनी देऊन त्वचेखालच्या शिरांचा निळसरपणा आणतात. तेवढ्या नाजूक कामाला मिश्रण स्वतःच बांधावे लागणार.

शिल्पकार अनिश कपूर यांच्या २००३ मधल्या ‘माय रेड होमलँड’ या शिल्पात मेण आणि व्हॅसलीन यांचे २५ टन तांबडे मिश्रण वापरले आहे, आणि एक यांत्रिक पोलादी हात तासाला एक फेरी घालत ते कापत राहतो, तेथे मेणाने कधीच पूर्ण थिजू नये हीच अट आहे. जर्मन कलावंत वोल्फगांग लाइब यांनी २०१३ साली वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या संग्रहालयात एका लहान खोलीच्या भिंती आणि छत सुमारे २०० किलो मेणाने लिंपले आणि एकच बल्ब टांगला. तेथे वासालाही रंगाइतकेच महत्त्व आहे. दीड किलोच्या वड्यांना यांच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे, पण वासाचे तेवढे नोंदवतो: प्लेट तापल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे मधाचा वास येतो, नंतर राळेचा तिखटसर वास त्याला झाकून टाकतो.

रंगांच्या वड्यांत सहा चांगल्या, एक बरी आणि एक टाकाऊ आहे. अल्ट्रामरीन, काळा आणि दोन्ही मातीचे रंग दाट आहेत. एका वडीला तिच्या दुप्पट माध्यम घातले तरी फिके पडत नाहीत. पिवळा आणि पांढराही तसेच. तांबड्याचे रंगद्रव्य जड असल्याने डब्याच्या तळाशी बसते, म्हणून प्रत्येक फटकाऱ्याआधी ढवळावे लागते. नाहीतर दुपारी तांबड्याने सुरू केलेली पट्टी संध्याकाळी फिक्या केशरीवर संपते. गुलाबी वडीच्या वेष्टनावर रंगद्रव्याचे नावच नव्हते, तेव्हा संशय येऊन मी त्याचा एक नमुना अर्धा झाकून खिडकीत ठेवला. आठ आठवड्यांनी उघडा अर्धा भाग जवळजवळ माध्यमाच्याच रंगाचा झाला होता. बेंगलिस यांच्या रीतीने केलेल्या पट्टीतला गुलाबी हाच असल्याने ती पट्टी आता कपाटात आहे.

तीन ब्रशांपैकी दोन डुकराच्या केसांचे आणि टिकाऊ निघाले. तिसरा कृत्रिम केसांचा होता. तो तापलेल्या डब्याच्या तळाशी टेकला तसे त्याचे केस जळक्या गवतासारखे वळले आणि दोन केस चित्रात कायमचे राहिले.

थंडीचे दिवस आले तसे जॉन्स यांच्या रीतीने केलेल्या पहिल्या फलकावर पांढरट झाक आली. बुरशी समजून मी घाबरलो. पण ही मेणाची नेहमीची पांढरी झाक असते आणि मऊ सुती कापडाने हलके घासले की जाते, हे पुस्तिकेने एकदाचे बरोबर सांगितले आहे. कापड फिरवल्यावर राखी पडद्यामागून आधी रंग वर आले, मग ती उलटसुलट अक्षरे. माध्यमाच्या वड्या मला पुन्हा हव्याच आहेत. गन, प्लेट आणि पुस्तिका नकोत. तसे विचारले असता, वड्या सुट्या विकल्या जात नाहीत, असे कंपनीने कळवले आहे.